मिसिसिपीच्या मतपत्रिकेवरील दोन प्रश्न

लोकशाहीत मतदाराला प्रश्न विचारण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. परंतु एका प्रश्नाशेजारी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा प्रश्न उभा करून पहिल्यातील जोर काढून घेण्याचे जे कसब अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या विधिमंडळाने २०१५ साली दाखविले, त्याची नोंद राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करून ठेवावी. विषय होता सरकारी शाळांच्या खर्चाचा. त्या राज्यातील जवळजवळ दोन लाख नागरिकांनी सह्या करून अशी मागणी केली होती की, पुरेशी आणि कार्यक्षम अशी मोफत शालेय व्यवस्था चालविणे हे राज्याचे घटनात्मक बंधन ठरावे आणि ते पाळले न गेल्यास नागरिकाला न्यायालयात दाद मागता यावी. विधिमंडळाने या मागणीला उघड नकार दिला नाही. त्याने आपला स्वतःचा एक पर्यायी प्रस्ताव तिच्या शेजारी ठेवला. त्यातही मोफत शाळा होत्या, त्यांना 'परिणामकारक' असे भारदस्त विशेषणही होते. नव्हते ते एवढेच : न्यायालय.

हा वाद समजण्यासाठी त्या राज्यातील शाळांची अर्थव्यवस्था थोडी पाहावी लागते. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की सधन घरांतील मुलांची, भरमसाट शुल्क घेणारी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत अर्थ नेमका उलटा आहे. तेथील 'पब्लिक स्कूल' म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, दारात येणाऱ्या प्रत्येक मुलाला घेणारी, बारावीपर्यंतची मोफत शाळा. या शाळांच्या खर्चातील केंद्र सरकारचा वाटा तुलनेने लहान असतो. मुख्य भार राज्य सरकार आणि स्थानिक शालेय मंडळे यांच्यावर पडतो. स्थानिक मंडळांचे उत्पन्न येते ते प्रामुख्याने स्थावर मालमत्तेवरील करातून. विषमतेचे मूळ येथेच आहे. ज्या गावात बंगले, बाजारपेठा आणि कारखाने आहेत तेथे कराचा दर बेताचा ठेवूनही शाळेला प्रयोगशाळा मिळते. मिसिसिपी नदीच्या काठच्या डेल्टा प्रदेशात, जेथे एकेकाळी कापसाच्या मळ्यांवर गुलामांच्या पिढ्यामागून पिढ्या राबल्या, तेथील गरीब गावांनी कराचा दर वाढवीत नेला तरी हाती फारसे काही लागत नाही. कर ज्याच्यावर बसवायचा ती मालमत्ताच तेथे नसते.

ही तफावत भरून काढण्यासाठी १९९७ साली मिसिसिपीच्या विधिमंडळाने एक कायदा केला. गव्हर्नर कर्क फोर्डिस यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, तो ओलांडून हा कायदा संमत करण्यात आला, हे त्या विधिमंडळाच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे. कायद्याने एक सूत्र ठरवून दिले. ज्या शालेय मंडळांचे निकाल समाधानकारक आहेत आणि ज्यांचा कारभार काटकसरीचा आहे, त्यांना एका विद्यार्थ्यामागे किती खर्च येतो हे पाहावयाचे. तो आकडा आधारभूत धरावयाचा. स्थानिक मंडळाने त्यातील फार तर २७ टक्के भार उचलावयाचा आणि उरलेले राज्याने द्यावयाचे. सूत्र निर्दोष होते असे नाही. परंतु 'पुरेसे' म्हणजे किती, या प्रश्नाला त्याने भाषणाऐवजी आकड्याने उत्तर दिले, ही त्याची थोरवी होती आणि तीच पुढे त्याच्या मुळावर आली. कारण आकडा जाहीर झाला की तुटीचा हिशेबही जाहीर होतो. २०१५ पर्यंत हे सूत्र दोनदाच पूर्णपणे पाळले गेले : २००३ च्या आणि २००७ च्या अधिवेशनांत. दोन्ही वर्षे विधिमंडळाच्या निवडणुकांची होती. या योगायोगावर भाष्य करण्याची गरज नाही.

२००८ नंतर आर्थिक मंदी आली आणि तूट वाढत गेली. मंदी ओसरली तरी तूट ओसरली नाही; उलट करकपातीच्या योजनांवर चर्चा सुरू झाल्या. २०१५ पर्यंत एकंदर तूट दीड अब्ज डॉलरांच्या पुढे गेली होती. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही हा प्रकार परिचित वाटेल. मागणीपत्रक मंजूर, तरतूद अपुरी, आणि दोहोंच्या मध्ये जो खड्डा राहतो तो भरण्याची जबाबदारी ज्याच्या हाती काहीच नाही अशा माणसावर. शाळेत तो माणूस म्हणजे शिक्षक. रिक्त पदावर नेमणूक होत नाही, म्हणून त्याच्या वर्गात मुले वाढतात. पुस्तके जुनी होतात, म्हणून तो छापील पाने वाटतो. आणि निकाल घसरले की तपासणी होते ती त्याचीच.

मिसिसिपीच्या नागरिकांपाशी मात्र एक साधन होते. ठरावीक संख्येने सह्या गोळा करून राज्यघटनेत दुरुस्ती सुचविण्याचा आणि ती थेट मतदारांपुढे नेण्याचा अधिकार त्या राज्याने नागरिकांना दिला होता. या अधिकाराचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९१४ साली तो प्रथम मिळाला. १९२२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. सत्तर वर्षांनी, १९९२ साली, तो पुन्हा घटनेत आला. शाळांसाठी झालेल्या मोहिमेला १,०७,२१६ सह्या पुरेशा होत्या. कार्यकर्त्यांनी जवळजवळ दुप्पट जमविल्या. प्रस्तावाला क्रमांक मिळाला ४२. त्याचा मजकूर थोडक्यात असा : प्रत्येक मुलाच्या शैक्षणिक संधीच्या मूलभूत हक्काचे रक्षण व्हावे म्हणून राज्याने पुरेशा आणि कार्यक्षम मोफत शाळा चालवाव्यात आणि या कलमाची अंमलबजावणी करवून घेण्याचा अधिकार राज्यातील चॅन्सरी न्यायालयांना असावा. 

याच घटनेने विधिमंडळालाही नागरिकांच्या प्रस्तावाशेजारी आपला पर्याय ठेवण्याची मुभा दिली होती. तिचा उपयोग करून ४२-अ हा प्रस्ताव पुढे आला. मतदाराला आता दोन पायऱ्या चढावयाच्या होत्या. प्रथम सांगावयाचे की, दोहोंपैकी कोणता तरी एक प्रस्ताव हवा की दोन्ही नकोत. आणि मग सांगावयाचे की, हवा तर कोणता. प्रस्ताव नकोत असे म्हणणारालाही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत होते. सरळ 'होय' किंवा 'नाही' लिहून घरी जाण्याची सवय असलेल्या मतदाराला हा सारा व्यवहार आयकराच्या विवरणपत्रासारखा वाटला असल्यास नवल नाही. ४२-अ चे शीर्षक मूळ प्रस्तावाशी इतके मिळतेजुळते होते की, ते बदलावे म्हणून एक पालक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, वरच्या न्यायालयाने तो फिरविला.

प्रस्तावाला विरोध करणाऱ्यांत गव्हर्नर फिल ब्रायंट होते, उपगव्हर्नर टेट रीव्ह्ज होते, प्रतिनिधिगृहाचे सभापती फिलिप गन होते. म्हणजे राज्याची अवघी सत्ता विरोधात होती. त्यांच्या आक्षेपांपैकी एक गंभीर होता आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. राज्याच्या तिजोरीतून कोणत्या खात्याला किती द्यावयाचे, हे ठरविणे हा लोकप्रतिनिधींचा अधिकार आहे. शाळेला जास्त द्यावयाचे तर रस्त्याला, रुग्णालयाला किंवा तुरुंगाला कमी द्यावे लागते. हे तोलमाप न्यायासनावर बसून करता येत नाही. न्यायाधीशापुढे वादी-प्रतिवादी असतात, संपूर्ण अंदाजपत्रक नसते. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु तो कोणी करावा यालाही काही अर्थ असतो. शाळांचा आकडा न्यायाधीशाने ठरवावा अशी मागणी मुळात नव्हतीच. आकड्याचे सूत्र विधिमंडळाने स्वतःच १९९७ मध्ये ठरविले होते. आपणच केलेला कायदा वर्षानुवर्षे बाजूला ठेवणाऱ्याने अधिकारविभाजनाच्या तत्त्वाचा आधार घ्यावा, हे ऋणकोने सावकारीविरोधी व्याख्यान देण्यासारखे आहे. शिवाय सगळी रक्कम एका वर्षात द्यावी असा हट्टही पुरस्कर्त्यांनी धरला नव्हता; महसुलात होणाऱ्या वाढीतून काही वाटा दर वर्षी शाळांकडे वळवीत हळूहळू सूत्रापर्यंत पोचावे, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रचारात मात्र या सूक्ष्म विचाराला फारसे स्थान मिळाले नाही. तेथे एकच वाक्य फिरत राहिले : राज्यातील साऱ्या शाळांचे भवितव्य हिंड्स काउंटीतील एका न्यायाधीशाच्या हाती जाईल. राजधानी जॅक्सन हिंड्स काउंटीत आहे आणि तेथील बहुसंख्य लोकवस्ती कृष्णवर्णीयांची आहे. चॅन्सरी न्यायाधीशही मिसिसिपीत लोकांनीच निवडून दिलेले असतात आणि त्यांच्या निकालावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, हे सांगण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. वाक्याचा रोख कोणीकडे आहे हे ऐकणाराला कळावे आणि बोलणाराला नाकारता यावे, अशी त्याची रचना होती. एका आमदाराला तेवढाही संयम साधला नाही. तो न्यायाधीश कृष्णवर्णीय असेल, असे ते सभेत स्पष्टच बोलून गेले; ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध झाली आणि त्यांना माफी मागावी लागली. 

मिसिसिपीत शाळेचा पैसा आणि कातडीचा रंग यांची गाठ फार जुनी आहे. महाराष्ट्रातील वाचकाला येथे एका गोष्टीचे स्मरण होईल. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पुण्यात ती अर्पणपत्रिका लिहिली जात होती त्या वेळी मिसिसिपीत कालपर्यंत गुलाम असलेली माणसे विधिमंडळात बसत होती, आणि १८६८ च्या घटनेने त्या राज्यात प्रथमच सर्व मुलांसाठी सार्वजनिक शाळांची व्यवस्था निर्माण केली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी सरकारला जो जाब विचारला, की रयतेच्या श्रमातून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर का खर्च होतो, तोच प्रश्न पुढे मिसिसिपीत अधिक क्रूर स्वरूपात उभा राहिला. १८९० च्या घटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेण्यासाठी जी साधने योजली त्यांत दोन डॉलरांचा मतदान-कर होता. हा कर फक्त शाळांसाठी वापरला जाईल असे त्या घटनेत लिहिले होते. माणसाचे मत काढून घ्यावयाचे आणि ते शिक्षणाच्या नावाने, असा हा दुहेरी व्यवहार होता. शाळा वेगवेगळ्या ठेवाव्यात हेही त्याच घटनेत होते. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरविल्या, तेव्हा मिसिसिपीच्या मतदारांनी त्याच वर्षी, प्रसंग पडल्यास सार्वजनिक शाळाच बंद करण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. १९५६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा रद्द झाला. तो परत आला गव्हर्नर विल्यम विंटर यांच्या १९८२ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने. दरम्यान १९७० च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशाने शाळा एकत्र झाल्या तेव्हा अनेक गावांत गौरवर्णीय पालकांनी आपल्या मुलांसाठी खासगी अकादमी काढल्या. ज्याचे मूल सरकारी शाळेत जात नाही त्याने सरकारी शाळेच्या खर्चासाठी मत द्यावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. परंतु ती सहज पुरी होत नाही, हे मिसिसिपीबाहेरही अनुभवास येते.

मतदान ३ नोव्हेंबर २०१५ रोजी झाले. पहिल्या प्रश्नावर निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी दोन्ही प्रस्ताव नाकारले. दुसऱ्या प्रश्नावर मात्र नागरिकांच्या प्रस्तावाने विधिमंडळाच्या पर्यायावर स्पष्ट मात केली. याचा अर्थ असा की, ज्या पर्यायासाठी सारा खटाटोप झाला तो लोकांना पसंत नव्हता. आणि त्याने आपले काम तरीही चोख बजावले. त्याच दिवशी फिल ब्रायंट फार मोठ्या मताधिक्याने पुन्हा गव्हर्नर झाले. त्या मानाने शाळांच्या प्रस्तावाचा पराभव निसटता होता. गव्हर्नरांना मत देणाऱ्या हजारो लोकांनी या एका बाबतीत गव्हर्नरांचे ऐकले नाही, हे उघड आहे.

४२ आणि ४२-अ यांतील अंतर भारतीय नागरिकाला अधिक लवकर समजावे. आपल्या घटनेच्या मूळ कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे म्हटले होते. परंतु हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात होते, आणि त्या तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयाकडून करवून घेता येणार नाही, हे कलम ३७ ने आधीच सांगून ठेवले होते. दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविणारी घटनादुरुस्ती झाली २००२ साली. त्यामागचा कायदा झाला २००९ साली. न्यायालयाविना दिलेल्या शैक्षणिक आश्वासनाचे वय किती असते, याचे हे एक मोजमाप म्हणता येईल. मिसिसिपीचे विधिमंडळ ४२-अ च्या रूपाने देऊ करीत होते ते असेच मार्गदर्शक तत्त्व.

अर्थात प्रस्ताव संमत झाला असता तर पैशाची गाडी मुकाट्याने शाळेच्या दारात आली असती, असे मानणेही भोळेपणाचे ठरेल. कोलोराडो राज्यात २००० साली नागरिकांचा असाच एक प्रस्ताव मतदारांनी संमत केला होता. दर विद्यार्थ्यामागील मूळ अनुदान महागाईच्या दराने आणि पहिली दहा वर्षे त्यावर आणखी एक टक्का याप्रमाणे वाढवावे, असे त्याने थेट घटनेत लिहून ठेवले. मंदी आली तेव्हा तेथील विधिमंडळाने घटनेतील 'मूळ' या शब्दावर बोट ठेवले. मूळ अनुदान वाढविले. त्यावर मिळणारी पूरक रक्कम 'ऋण घटक' नावाच्या एका नव्या वजाबाकीने कापून घेतली. २०१५ मध्ये, म्हणजे मिसिसिपीत प्रचार ऐन भरात असताना, कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वजाबाकी चार विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविली. ती संपूर्णपणे बंद व्हावयास २०२४ उजाडले. परंतु तेथे निदान नागरिकांना न्यायालयात जाता आले, विधिमंडळाला आपल्या हिशेबाचे समर्थन करावे लागले आणि वजाबाकीचा आकडा दर वर्षी सर्वांना दिसत राहिला.

मिसिसिपीत दाद मागण्याचा एक प्रयत्न पुढेही झाला. माजी गव्हर्नर रॉनी मसग्रोव्ह यांच्या वकिलीखाली काही शालेय मंडळांनी राज्यावर दावा लावला होता. सूत्राप्रमाणे पूर्ण अनुदान विधिमंडळ 'देईल', असे कायद्यात स्वच्छ लिहिले आहे, हा त्यांचा मुद्दा. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या 'देईल'मुळे विधिमंडळावर बंधन येत नाही. निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. एका विधिमंडळाचा कायदा पुढच्या विधिमंडळाचे हात बांधू शकत नाही, हे जुने तत्त्व आहे. परंतु मग प्रस्ताव ४२ ची गरजच या निकालाने सिद्ध केली. कायद्यातील 'देईल' बंधनकारक नसेल, तर तो शब्द घटनेत आणि न्यायालयाच्या पहाऱ्यात नेऊन ठेवण्याखेरीज नागरिकांपाशी दुसरा मार्ग कोणता होता?

विरोधकांच्या बाजूने आज एक गोष्ट सांगितली जाते आणि ती नाकारता येणार नाही. २०१३ साली राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या मुलांच्या वाचनात मिसिसिपी देशात ४९ वे होते. २०२४ मध्ये ते नवव्या क्रमांकावर आले. पूर्ण अनुदान न मिळताही हे घडले, तेव्हा पैशाचा आग्रह व्यर्थ होता, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. वस्तुतः हे यश २०१३ च्या एका नेमक्या कायद्याचे आहे. वाचन कसे शिकवावे याचे शिक्षकांना पद्धतशीर प्रशिक्षण, कमकुवत शाळांत वाचन-मार्गदर्शकांची नेमणूक आणि तिसरीअखेर वाचता न येणाऱ्या मुलाला पुढच्या वर्गात न ढकलण्याचा नियम, ही त्याची अंगे. त्यासाठी राज्य वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर खर्च करीत आले. हे राज्याच्या मानाने थोडके असतील, पण ते ठरविलेल्या कामासाठी, न चुकता, दर वर्षी मिळत गेले. पैसा वेळेवर आणि भरवशाने मिळाला म्हणजे शिक्षक काय करून दाखवितात, याचाच हा पुरावा नव्हे काय? पुढे २०२२ मध्ये त्याच विधिमंडळाने शिक्षकांना सरासरी पाच हजार डॉलरांहून अधिक वार्षिक वेतनवाढ दिली, म्हणजे पैशाचे महत्त्व त्यालाही पटलेले दिसते. २०२४ मध्ये १९९७ चे सूत्र रद्द करून नवे सूत्र आणण्यात आले. त्यात दर विद्यार्थ्यामागे ६,६९५ डॉलरांची मूळ रक्कम धरली असून गरीब मुलांसाठी जादा भार दिला आहे. नवे सूत्र गरीब गावांना अधिक न्याय देणारे आहे. ते दर वर्षी पाळले जाईल की नाही, हे मात्र जुन्या सूत्राप्रमाणेच विधिमंडळाच्या मर्जीवर आहे.

आणि ते पाळले गेले नाही तर? २०१५ चा मार्ग आता उपलब्ध नाही. सह्या राज्यातील पाच काँग्रेस मतदारसंघांतून सारख्या प्रमाणात आल्या पाहिजेत, असे १९९२ च्या तरतुदीत लिहिले होते. २००० च्या जनगणनेनंतर मिसिसिपीत मतदारसंघ उरले चार. तरतुदीतला 'पाच' हा आकडा दुरुस्त करण्याचे विधिमंडळाला सुचले नाही. मे २०२१ मध्ये, औषधी गांजाविषयीचा एक प्रस्ताव मतदारांनी संमत केल्यानंतर, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, चार मतदारसंघांतून पाचांचे प्रमाण साधता येत नसल्यामुळे कोणताही प्रस्ताव यापुढे वैध ठरू शकत नाही. १९२२ नंतर दुसऱ्यांदा त्या न्यायालयाने नागरिकांचा हा अधिकार संपविला. न्यायाधीशांच्या हाती सत्ता जाईल म्हणून २०१५ मध्ये ज्यांनी गावोगाव घोषणा दिल्या, त्यांपैकी कोणी या निकालाविरुद्ध तितका आवाज उठविल्याचे दिसले नाही. हा अधिकार परत द्यावा म्हणून विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव येतात, चर्चा होतात आणि २०२५ च्या अधिवेशनापर्यंत तरी त्यांवर एकमत झालेले नाही. जे मसुदे पुढे आले त्यांत नागरिकांना साध्या कायद्यात बदल सुचविण्याची मुभा होती. राज्यघटनेला, म्हणजे शाळांच्या ज्या कलमासाठी दोन लाख लोकांनी सह्या केल्या होत्या त्या कलमाला, हात लावण्याची नव्हती.